डावा आखडलेला, उजवा दुबळा : हिप फ्लेक्सरची (मांडी वर उचलणाऱ्या स्नायूंची) १२ आठवड्यांची नोंद

गेल्या पावसाळ्यानंतर सिंहगडावर दर रविवारी एकच गोष्ट घडायला लागली. पायथ्याच्या आतकरवाडीतून निघायचं, पहिला अर्धा तास छान जायचा, आणि जिथून दगड उंच होत जातात तिथून उजवा पाय वर घ्यायला मांडीखाली हात द्यावा लागायचा. दम लागलेला नसायचा. पोटऱ्या ठीक, गुडघे ठीक. फक्त जांघेत, मांडी पोटाला मिळते त्या घडीत, गच्च आवळल्यासारखं व्हायचं. खाली उतरून गाडीत बसलं की डाव्या बाजूची कंबर धरायची.

आमच्या ग्रुपमधले एक काका ६७ वर्षांचे आहेत, गडाच्या वाटेचा दगडन्‌दगड त्यांना पाठ आहे. पुणे दरवाज्यापाशी बसलो असताना ते म्हणाले, "तुझ्या बुटांची टोकं बघ जरा." उजव्या बुटाचं टोक घासून पांढरं पडलं होतं, डावं जवळजवळ नव्यासारखं. पाय पुरेसा उचललाच जात नव्हता, प्रत्येक दगडाला घासत होता. माझ्या या नोंदीची सुरुवात त्या बुटापासून झाली.

त्याआधीचे चार महिने मी फक्त ताण देत होते. जांघ आवळलेली वाटते म्हणजे स्नायू आखडलाय, आखडलाय म्हणजे ताणायचा, इतका सरळ हिशोब. रोज १२ सूर्यनमस्कार घालतेच, त्यातल्या अश्वसंचालनासनात (एक पाय मागे लांब, दुसरा पुढे वाकवलेला) जास्त वेळ थांबायला लागले, दोन्ही बाजूंना सारखंच. अर्धा तास बरं वाटायचं, दुपारी ऑफिसात खुर्चीतून उठताना पुन्हा तेच. जानेवारीत एका फिजिओ मॅडमकडे गेले तेव्हा कळलं की माझ्या दोन्ही बाजूंचं दुखणंच वेगळं आहे. डावा स्नायू खरोखर आखूड झालेला, उजवा लांबीला व्यवस्थित पण ताकदीला कमी. दुबळा स्नायू लवकर थकतो आणि थकला की आवळल्यासारखाच वाटतो. त्याला मी रोज ताणत होते, जे त्याला नको होतं ते.

आधी तपासणी, घरच्या घरी जमेल अशी

ही तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून नीट लिहिते. एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश अस्थिशल्यविशारद ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी, तिचा सुधारित प्रकार. मऊ गादी चालत नाही, अंग रुततं. मी दिवाणाच्या कडेवर करते. अगदी कडेला बसायचं, एक गुडघा छातीशी धरून मागे आडवं व्हायचं आणि दुसरा पाय कडेवरून सैल सोडून द्यायचा. कंबर दिवाणाला टेकलेली हवी. ती कमानीसारखी उचलली गेली तर मांडी खाली गेल्याचा भास होतो आणि निकाल चुकतो.

लोंबत्या पायाची मांडी आडवी किंवा त्याहून खाली गेली तर लांबी पुरेशी. वरच अडकून राहिली तर मांडी उचलणारे आतले दोन स्नायू, सोआस आणि इलियाकस, आखडलेले. मांडी खाली गेली पण गुडघा काटकोनात न राहता सरळ व्हायला बघतोय, तर मांडीच्या पुढचा लांब स्नायू, रेक्टस फेमोरिस, आखडलेला. मांडी बाहेरच्या बाजूला सरकली तर खुब्याच्या बाहेरून जाणारा टेन्सर फॅशिया लाटा. माझी डावी मांडी दिवाणाच्या पातळीपासून चांगली चार बोटं वर होती. उजवी सपाट.

ताकदीची तपासणी त्याहून सोपी. स्टुलावर ताठ बसायचं, पाठ न टेकता एक गुडघा खुब्याच्या वर उचलून धरायचा. मागे रेलायचं नाही, मांडीला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी डावा २८ सेकंद, उजवा ११. दुसरी तपासणी जमिनीवर पाय पसरून बसून: शेजारी एक लिटरची पाण्याची बाटली उभी ठेवायची आणि सरळ पाय तिच्यावरून इकडून तिकडे न्यायचा. डावा १४ वेळा, उजवा ६. सातव्याला बाटली पडली.

उंच दगडावरच का?

हे समजल्यावर मला सगळ्यात समाधान वाटलं. मांडी उचलण्याचं काम एकट्याचं नाही. सोआस कमरेच्या मणक्यांच्या बाजूंपासून निघून ओटीपोटातून खाली येतो, इलियाकस कमरेच्या हाडाच्या आतल्या खोलगट भागातून, आणि दोघे मिळून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, आतल्या उंचवट्याला जोडले जातात. रेक्टस फेमोरिस कमरेच्या हाडाच्या पुढून निघून गुडघ्याच्या वाटीपर्यंत जातो. सपाट रस्त्यावर मांडी थोडीच उचलावी लागते, तिथे सगळे वाटून घेतात. पण मांडी काटकोनाच्या वर न्यायची झाली की बाकीच्यांची पकड सुटत जाते आणि भार मुख्यतः सोआसवर येतो. डांबरी रस्त्यावर मी तासभर चालायचे तरी काही नाही, आणि गुडघ्याच्या वर आलेला दगड दिसला की अडायचे, त्याचं कारण हे.

आणि दिवसातले आठ-नऊ तास तोच स्नायू खुर्चीत आखूड अवस्थेत पडून असतो, कामही न करता. लांब होण्याची सवय जाते आणि वर उचलण्याचीही.

आठवडा १ ते ३

डाव्याला ताण, उजव्याला ताकद. फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी माझा अश्वसंचालनासनाचा पवित्रा बघितला आणि थांबवलं. मी खाली खाली जात होते, कंबर मागे वाकत होती आणि ताण कमरेच्या मणक्यांत जात होता. खुब्याच्या पुढच्या भागाला जवळपास काहीच मिळत नव्हतं.

त्यांनी शिकवलेला प्रकार: डावा गुडघा घडी घातलेल्या सतरंजीवर, उजवं पाऊल पुढे, दोन्हीकडे काटकोन. आता पुढे अजिबात जायचं नाही. आधी डाव्या बाजूचं ढुंगण आवळायचं आणि माकडहाड खाली, पुढच्या दिशेने ओढून घ्यायचं. एवढ्यानेच जांघेत ताण आला. मग फक्त दोन बोटं पुढे सरकायचं. डावा हात वर, किंचित उजवीकडे झुकायचं. ३० सेकंद, ३ वेळा, रोज. वर्षानुवर्षं खोल जाण्याला चांगला ताण समजत आले होते, आणि इथे जेमतेम दोन बोटांत तो खरा मिळाला.

उजव्यासाठी सुरुवातीला हालचालच नव्हती. उताणं झोपून गुडघा काटकोनात वर, तळहाताने गुडघा ढकलायचा आणि गुडघ्याने हाताला. १० सेकंद, ६ वेळा. सोबत उताणं झोपून कंबर उचलायचा ब्रिज, १० चे दोन सेट, कारण मागचे स्नायू ढिले असतील तर पुढचे आणखी आवळतात.

तिसऱ्या रविवारी गडावर गेले नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या दोनदा चढले, प्रत्येक पायरीवर गुडघा मुद्दाम उंच घेत. त्रास नाही.

आठवडा ४, चूक

बरं वाटायला लागलं आणि मी घाई केली. रबरी बँड आणला होता, तो पावलांभोवती अडकवून उभ्याने गुडघा वर घ्यायचा व्यायाम एक दिवसाआड ८ चे ३ सेट सांगितला होता. मी सलग तीन दिवस केला आणि तिसऱ्या दिवशी आकडा ४० वर नेला. चौथ्या दिवशी सकाळी मोजा घालताना जांघेत चमक भरली. पाच दिवस सगळं बंद, फक्त सपाट चालणं. आपल्याला ट्रेकमुळे मांड्या-पोटऱ्यांच्या ठणकण्याची सवय असते, दुसऱ्या दिवशीचं ते दुखणं आपण अंगावर काढतो. जांघेतली चमक तशी नसते. व्यायाम करताना बोट ठेवून दाखवता येईल अशी टोचणी आली, की तिथेच थांबायचं.

आठवडा ५ ते ८

बँड परत सुरू, सगळ्यात हलका, एक दिवसाआड, ८ चे दोन सेट. वर घेताना एक आकडा, खाली आणताना चार. खाली आणणं सावकाश केल्याने जो फरक पडला तो नुसत्या आकड्यांनी पडला नव्हता. उभ्या पायाचा गुडघा वाकू द्यायचा नाही, अंग मागे जाऊ द्यायचं नाही. मी पाठीमागे भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून उभी राहायचे. पाठ भिंतीला लागली की तो मोजायचा नाही.

सहाव्या आठवड्यात डेड बग जोडला: उताणं, दोन्ही हात वर, दोन्ही गुडघे काटकोनात, विरुद्ध हात-पाय हळूहळू लांब करत जायचे, कंबर सतरंजीला चिकटलेली. पोट धरून राहिलं तर खुब्याला काम नीट करता येतं. आमच्या घरात सातवीतला मुलगाही सोबत करायला लागला, त्याला हा प्रकार फार आवडतो.

डाव्यासाठी आता मागचं पाऊल दिवाणाच्या कडेवर ठेवून, गुडघा वाकवून ताण. यात रेक्टस फेमोरिसही येतो, कारण तो खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडून जातो. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर हा प्रकार विचारूनच करा.

आठव्या आठवड्यातली मोजणी: उजवा स्टुलावर १९ सेकंद, बाटलीवरून ११. डावी मांडी दिवाणापासून दीड बोट वर. गड, आतकरवाडी ते पुणे दरवाजा: १ तास १४ मिनिटं. डिसेंबरात हेच १ तास २२ होतं. हात एकदाच लावावा लागला, शेवटच्या टप्प्यात.

मांडी घालून बसण्याबद्दल

सासूबाई म्हणाल्या होत्या, खुर्ची सोड आणि खाली मांडी घालून बसत जा, खुबे मोकळे होतील. ग्रुपमध्येही दोघी-तिघींनी हेच सुचवलं. मी विचारून घेतलं. मांडी घातल्याने खुबा बाहेरच्या बाजूला छान फिरता राहतो, खाली बसण्या-उठण्याने पायांत जोरही राहतो, म्हणून ती सवय सोडू नये. पण पुढच्या स्नायूच्या दृष्टीने मांडी घातली काय आणि खुर्चीत बसलं काय, तो आखूडच राहतो. त्याला लांब व्हायचं तर मांडी सरळ रेषेत किंवा मागे जायला हवी. त्यासाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रात्री पाच मिनिटं सतरंजीवर पालथं पडून राहणं. सासूबाईंना हे सांगितलं तर आता त्याही जेवणानंतर तासाभराने पालथ्या पडून पेपर वाचतात. त्यांना उतारवयात कमरेला फार बरं वाटतंय म्हणतात, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

ऑफिसात दर पाऊण तासाने उठते, पाण्याची बाटली मुद्दाम छोटी ठेवली आहे.

आठवडा ९ ते १२

बँडऐवजी वजन. किलोभर तांदळाची कापडी पिशवी, तिचे बंद पावलावर अडकवून, भिंतीला एक हात टेकवून गुडघा वर. दहाव्या आठवड्यात दीड किलो. ६ चे ३ सेट, आठवड्यातून तीनदा. ताण आता चढाईच्या आधी लांबवत नाही. लांबलचक ताण दिल्यावर लगेच स्नायूची ताकद थोडी उतरते, म्हणून पायथ्याशी फक्त पाय पुढे-मागे झुलवणं आणि वीस पावलं गुडघे उंच घेत चालणं. ३० सेकंदांचे ताण घरी परतल्यावर.

अकराव्या आठवड्यात पाय खाली आणताना उजव्या खुब्यातून 'कट' असा आवाज येऊ लागला आणि मी घाबरले. सोआसचा दोर हाडाच्या उंचवट्यावरून सरकताना असा आवाज येतो, दुखत नसेल तर त्याचं काही करावं लागत नाही असं समजलं. मांडी थोडी बाहेर वळवून उचलली की आवाज बंद होतो. दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, लंगडायला होत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

बाराव्या आठवड्याची मोजणी: स्टुलावर डावा ३१, उजवा २७. बाटलीवरून डावा १६, उजवा १५. डावी मांडी दिवाणाला टेकली. गड १ तास ७ मिनिटं, मांडीला हात एकदाही नाही. वर देवटाक्याचं पाणी प्यायले, दही घेतलं, आणि उतरताना कंबर धरली नाही.

चैत्री पौर्णिमेच्या रात्री कात्रज ते सिंहगड करायचं ठरलं आहे. वाटेतल्या टेकड्या किती विचाराल तर प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. तोवर दीड किलोवरच थांबणार आहे. बूट फेब्रुवारीत नवे घेतले. काल रविवारचा चिखल-माती पुसून दोन्ही टोकं खिडकीतल्या उजेडात शेजारी शेजारी धरून बघितली. दोन्ही सारखीच झिजली आहेत. फोटो काकांना पाठवला.