मस्ट नॉटचा घोळ

रावेरला केळीच्या पॅकहाऊसवर इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे. दुबईच्या व्यापाऱ्याने विचारलं, कंटेनर भरताना माल बघायला माणूस पाठवू का? मला म्हणायचं होतं, कशाला तसदी घेता. मी लिहिलं, ‘यू मस्ट नॉट सेंड एनीवन.’

पाच मिनिटांत शेठच्या मोबाइलवर फोन. तो बिचारा समजला की आम्ही काहीतरी लपवतोय! दुसऱ्याच दिवशी त्याचा माणूस वजनकाटा घेऊन हजर. 13 किलोचा एकेक खोका काट्यावर चढला. वजन बरोबर भरलं, पण तोवर शेठने माझ्याकडे तीनदा तरी बघितलं.

चूक मराठीतून आली. ‘पाठवायला पाहिजे’चं उलट ‘पाठवायला नको’, आणि आपल्या ‘नको’त गरज नाही आणि मनाई, दोन्ही मावतात. इंग्रजीत तसं नाही. ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ होकारात सख्खे भाऊ, नकारात मात्र वाटण्या झालेल्या. ‘मस्ट नॉट’ म्हणजे करू नये, खबरदार. ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे करावं लागत नाही, केलंत तर तुमची मर्जी. ‘नीड नॉट’ही चालतं, जरा कागदी वाटतं इतकंच.

आता पाठवण्याआधी मी वाक्य मनात मराठीत उलटवून बघतो: ‘नये’ बसतंय की ‘लागत नाही’? परवा त्याच व्यापाऱ्याला लिहिलं, ‘यू डोन्ट हॅव टू सेंड एनीवन.’

तरी माणूस आलाच. काटाही तोच.