हांव रे, मोत्या!

गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, नारळांचे पैसे घ्यायला आला. गोव्यात सावईवेऱ्याला आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. तिथे तो दर दीड-दोन महिन्यांनी येतो, हातात कोयता घेऊन, आणि मोत्या त्याच्या पायांत घुटमळतो. त्या दिवशी हात रिकामे होते. पण पाऊस धरलेला, म्हणून अंगात रेनकोट, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, आणि नेहमीची वाट सोडून तो पाटाच्या कडेने मागून आला.

मोत्या आमचा कुत्रा, रॉटवायलर, दहा महिन्यांचा. मी सोप्यावर गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं निवडत होते, एक हात त्याच्या पाठीवर. तो उठला. भुंकला नाही. धापा टाकणारं तोंड एकदम मिटलं, भार पुढच्या पायांवर गेला, पाठीवर केसांचा पट्टा उभा राहिला. गुरगुर इतकी खोल, की कानाआधी माझ्या हाताला कळली. मी घाबरून त्याच्या गळ्यातला पट्टा आवळला. तसा तो आणखी ताठला आणि क्षणभर वळून माझ्याकडे बघितलं. मी बोटं सैल सोडली.

आधीची आमची राणी जर्मन शेफर्ड. फाटकाबाहेर नुसती सायकल आली तरी कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भुंकत धावायची. तिच्या पूर्वजांनी मेंढरांभोवती अशाच फेऱ्या घातलेल्या. रॉटवायलर गुरं हाकणारा. तो सहसा आधी वाटेत उभा राहतो आणि बघतो. म्हणून त्याची शांतता मला राणीच्या भुंकण्यापेक्षा जास्त जपून ऐकावी लागते.

पाडेली जाणता माणूस. पळाला नाही, ओरडला नाही, नजरेला नजर दिली नाही. अंग तिरकं करून थांबला, टोपी मागे सारली. "हांव रे, मोत्या!" म्हणजे, मीच आहे रे. आधी कान सैल पडले. मग मोत्या वळसा घालून बाजूने गेला, त्याचा हात हुंगला आणि मागचं सगळं अंग हलवायला लागला.

शेजारची काकी म्हणते, कुत्र्याला वाईट माणूस बरोबर ओळखता येतो. मला हे अजिबात पटत नाही, कारण याच भरवशावर लोक कुत्र्याला मोकळं सोडतात. त्याला आकार, चाल, वास, वाट कळते, आणि त्यात रोजच्यापेक्षा वेगळं काय तेही. धारदार कोयता त्याला ओळखीचा, रेनकोट परका.

मोत्या जानेवारीत आला, आठ आठवड्यांचा. पिल्लू साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे सहज बघतं, ते पुढे त्याला नेहमीचं वाटतं. त्या दिवसांत मी त्याला कडेवर घेऊन फोंड्याचा बाजार फिरवला, पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकवला. पण ते कोरडे महिने. टोपीखाली झाकलेला चेहरा त्याला दाखवायचं मला सुचलंच नाही.

आता रोज संध्याकाळी यांचा रेनकोट घालून मीच पाटाच्या वाटेने येते, खिशात उकडलेल्या रताळ्याचे तुकडे. काल पहिल्यांदा त्याची जीभ बाहेरच राहिली.