दिवाळीच्या सुटीतले शिबिर

नगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे, म्हणजे गावोगावच्या चर्चचे, वर्ष ठरावीक सणांभोवती फिरते. नाताळ आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) हे तर सगळ्यांचेच सण आहेत. कापणीच्या सणाला कणसे, भोपळे आणि जिवंत कोंबड्या उपासनामंदिरात आणल्या जातात आणि उपासना संपल्यावर त्यांचा लिलाव होतो. एकाच भोपळ्यासाठी दोन भावकींत लागलेली चढाओढ पाहणे हा त्या दिवसाचा खरा आनंद असतो. तरुण संघाच्या हक्काचे मात्र एकच निमित्त असते, ते म्हणजे दिवाळीच्या सुटीतले वार्षिक शिबिर. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी आमच्या बोलण्यात अजून नगरच येते. या शिबिराचेही तसेच आहे. पत्रिकेवर कधी ‘युवा संमेलन’ तर कधी ‘आत्मिक मेळावा’ असे छापले जाते, पण घराघरांत त्याला शिबिरच म्हणतात.

शिबिर कधी राहुरीला, कधी वडाळ्याला, तर कधी आणखी एखाद्या गावच्या मंडळीच्या आवारात भरत असे. मिशनच्या काळातल्या जाड दगडी भिंतींच्या शाळा सुटीमुळे मोकळ्या असत; एका वर्गात मुली, दुसऱ्या वर्गात मुले, मध्ये पाळकसाहेबांची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंची, खाट, असा बंदोबस्त असे. महिला मंडळाच्या मावश्या पहाटेपासून चुलीपाशी असत. बाजरीची भाकरी आणि तिखटजाळ आमटी हा ठरलेला बेत होता, आणि भाकरी आमटीत कुस्करून न खाणाऱ्या पुण्याच्या पाहुण्या मुलांवर त्या मावश्या उघडपणे हसत असत. पहाटेची प्रार्थना, शास्त्राभ्यास म्हणजे बायबलचा अभ्यास, गटचर्चा, दुपारचे खेळ हा कार्यक्रम कोणत्याही शिबिरासारखाच होता आणि त्यातील बहुतेक व्याख्याने मला आता आठवत नाहीत. आठवतात त्या दोन रात्री, एक कीर्तनाची आणि दुसरी नव्या पदांची.

कीर्तनाला एक निवृत्त शिक्षक उभे राहत. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर उपरणे, हातात चिपळ्या, बाजूला पेटी आणि तबला. पूर्वरंगात वचनाचे विवेचन आणि उत्तररंगात आख्यान, ही सारी मांडणी नारदीय कीर्तनाचीच. आख्यान मात्र लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचे असे. गुरुजी ते आख्यान थेट आमच्या तालुक्यात आणून बसवत. धाकटा मुलगा वाटणी मागतो, तेव्हा बाप तलाठ्याकडे खेटे घालतो, सातबाऱ्यावर नावे चढतात, थोरला बांधावर उभा राहून धुसफुसतो. पुढे धाकटा परत येतो आणि बाप रस्त्याने धावत सुटतो, तेव्हा गुरुजी चिपळ्या थांबवून विचारत, “आपल्या गावात कुठला म्हातारा असा चारचौघांत पळेल?” आधी हशा पिके आणि मग मागच्या रांगेतल्या एखाद्या आजोबांना नाक पुसताना मी पाहिले आहे. तो बाप गुरुजींनी ज्या रीतीने धावत आणला, त्या रीतीने मला तो कोणत्याही उपदेशात भेटलेला नाही.

ख्रिस्ती कीर्तन ही आमच्या भागातली जुनी गोष्ट आहे. अमेरिकन मिशनरी १८३१ मध्ये नगरला आले, १८४२ मध्ये याच शहरातून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या नगरच्या ख्रिस्ती कवीने कीर्तनाचा साचा शुभवर्तमानासाठी वापरात आणला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणातला कवी नगरच्या सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) शिकवीत असे, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करीत असे आणि अभंग, ओव्या, पदे लिहीत असे. मराठी मंडळ्या आजही जे गातात, त्याचा मोठा भाग त्यांच्याच लेखणीतून उतरला आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही कीर्तन करीत. बालकवी ठोंबरे या कुटुंबात काही काळ राहिले होते, हे तर मराठी वाचकाला ठाऊकच आहे. त्या घरात प्रार्थना आणि कविता यांच्या वेळा वेगवेगळ्या नसाव्यात, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आम्हां तरुणांची अडचण अशी होती की, टिळक आम्हांला भिंतीवरच्या तसबिरीतून भेटत. त्यांची पदे पाठ होती, चाली ठरलेल्या होत्या आणि त्यांत एक मात्रा इकडची तिकडे झाली तरी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या कपाळावर आठी चढे. गिटार आणली की “हे आपले नाही” असे ऐकावे लागे. गंमत अशी की टाळ-चिपळ्या घेऊन देवाचे गुणगान करणे ही हिंदूंची पद्धत आहे, ती आपल्याला कशी चालेल, अशी शंका एकेकाळी ख्रिस्ती लोकांतच घेतली जात होती. म्हणजे ज्याला आज परंपरा म्हणून जपले जाते, ते कोणा एका पिढीचे धाडस होते. १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तसमुदाय मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. दोन वर्षांनी ते वारले आणि दरबार वाढू शकला नाही. पण मंडळीच्या भिंती थोड्या मागे सरकवता येतात, हे त्यांनी करून दाखवले होते. शिबिरातल्या एका गटचर्चेत मी हे बोललो, तेव्हा एका पंचांनी “टिळक टिळक होते” एवढेच उत्तर दिले. त्यांचे म्हणणे खरेच होते, पण माझ्या म्हणण्याला ते उत्तर नव्हते.

नव्या पदांची रात्र त्यातूनच निघाली. आमच्या त्या वेळच्या पाळकसाहेबांनी नियम घातला की, प्रत्येक गटाने सकाळच्या शास्त्रपाठावर संध्याकाळपर्यंत एक पद नव्याने रचायचे. चाल कोणतीही घ्यावी, पण शब्द स्वतःचे हवेत, आणि परभाषेतल्या कोरसचे भाषांतर चालणार नाही. या शेवटच्या अटीबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे. आमच्या तरुण सभांतून गायली जाणारी भाषांतरित कोरस मी वर्षानुवर्षे म्हणत आलो आहे. त्यांत अक्षरे चालीत कोंबलेली असतात, ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व होते आणि शेवटी ‘प्रभू’ हा शब्द भर म्हणून दोनदा येतो. त्यांतला भाव खोटा नसतो, पण तो उसना असतो.

पहिल्या वर्षी निघालेली बहुतेक पदे, खरे सांगायचे तर, सुमार होती. माझ्या गटाचे पद त्यांतलेच एक. पण हरवलेल्या नाण्याच्या दाखल्यावर एका मुलीने जे म्हटले, ते सगळ्यांच्या लक्षात राहिले. ती अकरावीला होती, शेवगावकडच्या एका खेड्यातून आलेली. आजीच्या तोंडची जात्यावरची चाल तिने घेतली आणि पेटीवाल्याला हात जोडून थांबवून एकटीच गायली:

दहातलं एक नाणं, कुठं गं सांडलं
चिमणीच्या उजेडात, घर समदं झाडलं
भुईच्या भेगेमंदी, नाणं ते घावलं
शेजीला सांगाया गं, पाऊल धावलं

शुभवर्तमानात दिवा आहे आणि केरसुणीही आहे. भुईची भेग तिची स्वतःची. सारवलेल्या जमिनीला उन्हाळ्यात जाणारी भेग ज्याने पाहिली आहे, त्याला ती ओळ समजावून सांगावी लागत नाही. चुलीपाशी बसलेल्या मावश्यांनी दुसऱ्या खेपेला आपोआप सूर धरला. उपासनेत आम्ही गात असू, तेव्हा त्या बहुधा ओठ हलवत. त्या रात्री त्या गात होत्या. मंडळीचे नवजीवन म्हणजे काय, यावर मी पुढे बरेच ऐकले आणि वाचले, परंतु माझ्या मनात त्याचे चित्र उमटते ते या मावश्यांचे.

पुढल्या एका शिबिरात आमच्या गटाने पदाला हलगीची साथ घ्यायचे ठरवले. गावात हलगी वाजवणारा एक ओळखीचा मुलगा होता, ठेका जबरदस्त होता, आणि आपल्या मातीतले वाद्य उपासनेत आणतो आहोत या विचाराने आम्ही भारावून गेलो होतो. तालमीचा आवाज ऐकून एक वृद्ध काका वर्गाच्या दारात आले. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार आणि मांग समाजातून आलेला आहे, हे आम्हांला पुस्तकातून माहीत होते; त्यांना ते घरातून माहीत होते. त्यांच्या आजोबांना गावच्या जत्रेत, लग्नात, मयतीत हलगी वाजवावीच लागे. ते बलुत्याचे काम होते, नाही म्हणण्याची सोय नव्हती आणि मोबदला दुरून टाकला जाई. “ख्रिस्ती झालो तेव्हा आजानं ती हलगी खुंटीवरून काढली, ती परत टांगली नाही,” असे ते म्हणाले. ते रागावले नव्हते, आणि त्यामुळेच आम्हांला काही बोलता येईना.

त्या रात्री आम्ही हलगीशिवाय गायलो. वाद मात्र तिथे संपला नाही. आमच्यातल्याच एका मुलाने, ज्याच्या घरातही तोच इतिहास होता, म्हटले की जे वाद्य सक्तीने वाजवले, तेच आता आपल्या मर्जीने प्रभूसाठी वाजवले तर ती खरी सुटका होईल. मला दोघांचेही पटते. आमच्या मंडळीत सध्या पुनरुत्थानाच्या रविवाराआधीच्या झावळ्यांच्या रविवारी रस्त्यावरच्या मिरवणुकीत हलगी वाजते आणि उपासनामंदिराच्या पायऱ्यांपाशी थांबते. ही तडजोड कोणी ठराव करून केलेली नाही. सर्जनशीलतेच्या नावाखाली आपण जे ‘आपले’ म्हणून उचलतो, ते कोणाच्या तरी अंगावरचे ओझे असू शकते, एवढे भान मला त्या काकांनी दिले. शहरातल्या कार्यशाळांत देशी वाद्यांचे गोडवे ऐकताना हे भान सहसा आढळत नाही.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी संजीवन सभा, म्हणजे विश्वासात नवी जागृती आणण्यासाठीची सभा, असे, आणि तिच्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मोठ्या आवाजाचे कर्णे, बाहेरून आलेले वक्ते, एकाच वेळी मोठ्याने चाललेली प्रार्थना यांतून अनेकांना काही गवसते, हे मी नाकारीत नाही. माझ्या जवळच्या मित्राचे दारूचे व्यसन अशाच एका सभेनंतर सुटले. परंतु संजीवन म्हणताच आमच्याकडे ज्या केडगावचे नाव घेतले जाते, तिथली पूर्ण हकिगत क्वचितच सांगितली जाते. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमात, जे नवचैतन्य आले, ते प्रार्थनेसाठी जमणाऱ्या मुलींमधून आले, हे सगळे सांगतात. त्याच केडगावात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम वर्षानुवर्षे करीत होत्या आणि मुक्तीतल्या मुली-बाया छापखान्यात त्याचे खिळे जुळवीत होत्या, हे सांगायचे राहून जाते. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि ते बायबल त्यानंतर प्रसिद्ध झाले. उमाळ्याची रात्र आणि खिळे जुळवण्याची वर्षे एकाच आवारातली होती. आमच्या सभांत त्या रात्रीची आठवण निघते. त्या वर्षांची निघाली असती, तर शिबिरानंतरच्या अकरा महिन्यांचे काय करायचे, हे आम्हांला कळले असते.

शिबिरे अजून भरतात, मात्र पूर्वीइतकी गर्दी नसते. मुले नोकरीसाठी पुण्याला आणि चाकणला गेली, परिचारिका झालेल्या मुली आखातात गेल्या, आणि दिवाळीची सुटी प्रत्येकाची निराळी झाली. नव्या पदांची रात्र मात्र बंद पडलेली नाही. आता शिबिराला येऊ न शकणाऱ्या मुली आपले पद ध्वनिमुद्रित करून पाठवतात, आणि मस्कतहून आलेले एक पद गेल्या वेळी पेटीवर बसवताना पेटीवाल्याची चांगलीच तारांबळ उडाली. पंचांनीही एक पाऊल पुढे टाकले आहे. महिन्यातून एका रविवारी अर्पणाच्या वेळी नवे पद गायला परवानगी मिळाली आहे, अट एवढीच की ते आधी पाळकसाहेबांना दाखवावे. काही मित्रांना ही अट जाचक वाटते. मला ती रास्त वाटते, कारण पूर्वी दाखवायलाच कोणी बसत नसे.

निवडक पदांची एक वही तयार होते आहे. तीत चाल, शास्त्रपाठ आणि गावाचे नाव लिहिले जाते. रचणाऱ्याचे नाव लिहावे की नाही, यावर दोन बैठकांत एकमत झालेले नाही. हरवलेल्या नाण्याची ओवी तिसऱ्या पानावर आहे. ती रचणारी मुलगी आता तिच्या गावच्या शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) शिकवते, आणि पाळकसाहेबांनी येत्या शिबिराचा शास्त्रपाठ निवडण्याचे काम या वेळी तिच्याकडे दिले आहे.