'च' कुठे लागतो, ते ऐका

"तिने मला विचारायला हवं होतं" आणि "तिने मला विचारायलाच हवं होतं." पहिल्या वाक्यात इच्छा आहे, दुसऱ्यात हुकूम. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचं मर्म या फरकात आहे. घटना घडते, आपण तिच्याबद्दल हट्ट धरतो आणि जास्तीचा त्रास त्या हट्टातून होतो. इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी 'मस्ट' तरी ऐकू येतो; आपल्याकडे तो शब्दाच्या शेपटीला एका अक्षरात लपतो.

समुपदेशनात एकट्या व्यक्तीबरोबर काम करताना वहीत तीन रकाने पुरतात: घटना, मनातलं वाक्य, परिणाम. अडचण मधल्या रकान्यात येते. 'साहेब ओरडले' या घटनेपुढे लोक 'सगळ्यांसमोर ओरडले' असं लिहितात, म्हणजे पुन्हा घटनाच. "ओरडले तेव्हा मनात काय आलं?" हे दोन-तीनदा विचारल्यावर "माझा अपमान होताच कामा नये" बाहेर पडतं. मग त्याला तीन प्रश्न: याला पुरावा काय, हे तर्काला धरून आहे का आणि हे धरून ठेवून तुमचं काय भलं होतंय? पहिल्या दोन प्रश्नांवर हुशार माणसं वाद घालत बसतात. तिसऱ्याला सहसा थांबतात.

नवशिके समुपदेशक एका ठिकाणी हमखास फसतात. समोरचा म्हणतो, "जाऊ दे, मला आता काही फरक पडत नाही," आणि यांना वाटतं, झालं काम. ती बधिरता असते. इच्छा शिल्लक राहायला हवी, नाराजीही चालेल. सुटायचा असतो तो फक्त 'च'.

जोडप्याच्या बाबतीत मात्र हीच पद्धत जशीच्या तशी लावली तर अंगाशी येते. नवऱ्यादेखत बायकोचा हट्ट उकलून दाखवलात, की रात्री घरी "मॅडमसुद्धा म्हणाल्या, चूक तुझीच" सुरू! म्हणून सुरुवातीचा क्रम पाळावा. पहिली भेट दोघांची, ८० ते ९० मिनिटांची. पुढे प्रत्येकाची एकेक स्वतंत्र भेट. चौथ्या भेटीत पुन्हा दोघं, आणि काय करायचं ते तिघांनी मिळून ठरवायचं. एकट्याने सांगितलेलं जोडीदारापासून लपवायचं की नाही, हा गुपितांचा नियम स्वतंत्र भेटीआधीच दोघांसमोर सांगावा. नंतर सांगितला तर एकाचं गुपित सांभाळत दुसऱ्याच्या डोळ्यात बघायची वेळ येते.

मारहाणीबद्दल, धाकाबद्दल एकट्यालाच विचारावं. 'घरी गेल्यावर याचं फळ भोगावं लागेल' अशी भीती असेल तर एकत्र बसवूच नये. तिथे आधी सुरक्षितता: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, १८१ ही महिला हेल्पलाइन.

एकत्र बसल्यावर लग्नापासूनचा इतिहास काढू नये. गेल्या आठवड्यातलं एक लहान भांडण पुरे. गिझर चालू राहिला, एवढंही चालतं. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, बचाव करायचा नाही. "तू कधीच लक्ष देत नाहीस" मधला 'च' इथे माणसावर शेरा मारतो. त्याजागी काय घडलं, मला काय वाटलं, मला काय हवंय, एवढंच. हे सुरुवातीला नाटकी वाटतं. वाटू द्यावं.

जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या निरीक्षणानुसार भांडणात नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की ऐकून घेणं जवळपास बंद होतं. तेव्हा किमान २० मिनिटांची सुट्टी घ्यावी. वन बीएचकेत, हॉलमध्ये सासू-सासरे असताना ती कुठे घेणार? गच्चीवर, जिन्यात, दूध आणायला. मात्र जाताना "अर्ध्या तासाने येतो, मग बोलू" असं म्हणून जायचं आणि त्या वेळेला परत यायचं. न सांगता दार आपटून गेलेला माणूस सुट्टीवर नसतो, तो दुसऱ्याला शिक्षा देत असतो. सांगून गेलेलाही बाहेर "आता तिला असं सुनावतो" याची तालीम करत फिरला, तर नाडी उतरत नाही.

पुढच्या भेटीत पहिला प्रश्न हाच: सुट्टी कितीदा घेतली, आणि परत आधी कोण आलं?