प्रवाळांचा उजेड: ॲपमधली टक्केवारी आणि टाकीतली मोजणी

प्रवाळांची टाकी बाळगणारे दोघे जण बोलू लागले की थोड्याच वेळात प्रश्न येतो, "तुमचा निळा किती टक्क्यांवर आहे?" अशा टाकीवरच्या एलईडी दिव्यातील निळा, पांढरा अशा प्रत्येक रंगाची तीव्रता मोबाइलच्या ॲपमधून टक्क्यांत ठरवतात, त्याबद्दलचा हा प्रश्न. मला त्याचा फारसा उपयोग वाटत नाही. ॲपमध्ये दिसणारे ६० टक्के हे त्या दिव्यातील त्या रंगाच्या कमाल क्षमतेचे ६० टक्के असतात. दिवा पाण्यापासून किती उंचीवर टांगला आहे, त्याची भिंगे प्रकाश किती पसरवतात, पाणी किती खोल आहे आणि प्रवाळ कोणत्या खडकाच्या आडोशाला बसवले आहे, यांपैकी कशाचाही त्या आकड्यात समावेश नसतो. माझ्या ४ फुटी टाकीवरचे दोन्ही दिवे एकाच वेळापत्रकाने चालतात, तरीही खडकाच्या माथ्यावर आणि खालच्या वाळूवर पडणाऱ्या प्रकाशात तिपटीहून अधिक फरक आहे.

आपले डोळे तर याहूनही अविश्वसनीय साक्षीदार आहेत. मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्याचा प्रतिसाद त्याच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतकाच असतो. प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या झूझँथेली या एकपेशीय शैवालांचे गणित वेगळे आहे. त्यांच्यातील क्लोरोफिल आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्ये निळा आणि निळसर हिरवा प्रकाश उत्तम शोषतात, आणि समुद्रात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच विरत असल्याने हे सोयीचेही आहे. त्यामुळे पांढरा कमी करून निळा वाढवला की टाकी आपल्याला मंद दिसते, आणि प्रवाळाला मात्र पूर्वीपेक्षा अधिक प्रकाश मिळत असण्याची शक्यता असते. मोबाइलवरचे लक्स मोजणारे ॲप इथे कामाला येत नाही, कारण लक्स हे एककच मानवी डोळ्याच्या मापाने बेतलेले आहे.

म्हणून मोजायचे ते 'पार' (PAR), म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. त्याचे एकक मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. तो मोजणारा मीटर महाग असतो, पण मी राहतो त्या न्यू जर्सीत, किंबहुना अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी, प्रवाळ पाळणाऱ्या हौशी लोकांचे रीफ क्लब सदस्यांना तो काही दिवसांसाठी वापरायला देतात. संवेदक पाण्यात बुडवला की तो प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो. ॲपोजीच्या एमक्यू-५१० सारख्या मीटरमध्ये ही दुरुस्ती अंतर्भूत असते, इतर मीटरच्या बाबतीत ती स्वतः करावी लागते. मोजताना पंप चालूच ठेवावेत, कारण रोजच्या वापरात पृष्ठभाग हलताच असतो. लाटांमुळे आकडा सतत वरखाली होतो, तेव्हा काही सेकंदांची सरासरी घ्यावी. मी टाकीचा समोरून एक कच्चा नकाशा काढतो आणि प्रत्येक जागेचा आकडा त्यावर लिहितो. नवीन फ्रॅग, म्हणजे वाढवण्यासाठी कापलेला प्रवाळाचा तुकडा, आणला की तो कुठे बसवायचा, हे त्या कागदावरून ठरते.

हौशी मंडळींत रूढ असलेले पारचे अंदाज असे: मशरूम, झोआंथिड आणि इतर मऊ प्रवाळांना ५० ते १५०, युफिलियासारख्या मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळातील एकेक जीव) प्रवाळांना साधारण ८० ते १५०, आणि ॲक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या प्रवाळांना २०० ते ३५०. या आकड्यांना मी दिशादर्शक मानतो, नियम नव्हे. शिवाय क्षणाच्या आकड्याइतकीच दिवसाची बेरीज महत्त्वाची आहे. १५० पार ८ तास दिला तर दिवसाला ४.३२ मोल प्रति चौरस मीटर होतात. २५० पार १० तास दिला तर ९. "मी फक्त थोडेसेच वाढवले" असे म्हणणाऱ्याने अनेकदा तीव्रता आणि तास दोन्ही वाढवलेले असतात.

बदल कोणताही असो, तो सावकाश करावा, आणि एका वेळी एकच. नवा दिवा लावला तर ठरवलेल्या पातळीच्या निम्म्यावर सुरुवात करून चार ते सहा आठवड्यांत वर जावे. बऱ्याच दिव्यांच्या ॲपमध्ये यासाठी वेगळी सोय असते. झेपण्यापलीकडे प्रकाश मिळाला की शैवालांत घातक ऑक्सिजन संयुगे तयार होतात, प्रवाळ ती शैवाले बाहेर टाकते आणि पांढरे पडते. कमी प्रकाशाचे लक्षण उलटे असते: शैवाले आणि त्यांची रंगद्रव्ये वाढून प्रवाळ तपकिरी होते. मात्र तपकिरी रंग नायट्रेट आणि फॉस्फेट वाढल्यानेही येतो, म्हणून पाण्याची चाचणी केल्याशिवाय दिव्याला हात लावू नये. प्रवाळाला प्रतिसाद द्यायला आठवडे लागतात. रोज संध्याकाळी ॲप उघडून सरकपट्ट्या हलवणाऱ्याला कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला, हे कधीच कळत नाही.

काही बदल दिव्याला हात न लावताही होतात. पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी वापरलेला, बरेच महिने न बदललेला सक्रिय कोळसा एकदम बदलला की पाण्यातील पिवळसरपणा जातो आणि प्रवाळांवर अचानक जास्त प्रकाश पडतो. म्हणून मी कोळसा थोडा थोडा आणि नियमित बदलतो. भिंगांवर साचलेल्या मिठाच्या पुटाचेही तेच. ते दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसलेले बरे. प्रकाश वाढवल्यावर कठीण प्रवाळांचा सांगाडा वेगाने वाढू लागतो आणि अल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा) अधिक खर्च होते, त्यामुळे त्या काळात तिची मोजणी एरवीपेक्षा वारंवार करावी आणि ती भरून काढणाऱ्या द्रावणाची मात्रा त्यानुसार वाढवावी.

पुण्यामुंबईहून काही मित्र अशा टाकीबद्दल विचारतात. त्यांना दिव्यांच्या आधी कायद्याबद्दल सांगावे लागते: भारतात सर्व कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली २००१ पासून संरक्षण आहे, त्यामुळे मालवणच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा घरी आणणे हा गुन्हा ठरतो.

सध्या माझ्या टाकीत पांढरा रंग दिवसातून तीनच तास, दुपारी, आणि तोही अगदी खालच्या पातळीवर असतो. पांढऱ्या एलईडीतही मुळात निळीच चिप असते आणि वरच्या फॉस्फरमुळे तिच्या प्रकाशाचा काही भाग पिवळा होतो, त्यामुळे हे तास प्रवाळांच्या दृष्टीने वाया जात नाहीत. पण खरे सांगायचे तर ते मी माझ्यासाठी ठेवले आहेत: निळ्या उजेडात हिरवे चमकणारे युफिलिया सुंदर दिसते, तरी माशांचे खरे रंग आणि ऊतींवरचा एखादा फिकट डाग पांढऱ्या उजेडातच नीट दिसतो.