पेल्यातला लाल पालक

बुधवार, रात्री अकरा

संध्याकाळी लाइट गेली ती तासभर आलीच नाही. भाचा कंटाळून भुणभुण करायला लागला, म्हणून पालकाची चार पानं खलबत्त्यात ठेचली, वर सर्जिकल स्पिरिट ओतलं आणि चहाच्या गाळणीतून एका जुन्या पेल्यात गाळलं. हिरवंगार पाणी. त्यावर नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारली, तर अख्खा पेला डाळिंबाच्या रसासारखा लाल! "मावशी, रंग टाकलास ना?" हा पहिला आरोप. मग तीच टॉर्च न ठेचलेल्या पानावर मारली. पान ढिम्म.

आता पान का लाल होत नाही, हे सांगणं आलं. पेल्यातलं क्लोरोफिल एकटं पडलेलं असतं. प्रकाशातून मिळालेली ऊर्जा द्यायला शेजारी कुणी नाही, म्हणून तिचा साधारण पाव हिस्सा ते लाल उजेड करून टाकून देतं. पानात मात्र रेणू शेजारीशेजारी खेटून बसलेले. एकाकडची ऊर्जा दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे, असं करत ती अभिक्रिया केंद्रात, म्हणजे प्रकाशसंश्लेषण जिथे सुरू होतं तिथे, पोचते आणि कामाला लागते. लाल उजेडात वाया जाते ती शंभरात जेमतेम दोन-तीन भाग.

"पण तिला वाट कशी कळते?"

इथे मी अडखळले. कारण याचं एक झकास उत्तर मी बारावीच्या वर्गात वर्षानुवर्षं देत आलेय. 2007 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ग्रॅहम फ्लेमिंग यांच्या गटाने हिरव्या गंधक-जीवाणूतलं एफएमओ नावाचं, ऊर्जा पुढे पोचवणारं प्रथिन घेतलं. त्यात सात-आठ बॅक्टेरिओक्लोरोफिल, म्हणजे जीवाणूंचं क्लोरोफिल. उणे 196 अंशांवर त्याच्यावर लेसरचे ठोके दिले, तर परत आलेल्या प्रकाशाच्या संकेतात लाटांसारखे चढउतार दिसले, 660 फेम्टोसेकंदांपर्यंत. (एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले की त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद.) अर्थ असा लावला गेला की ऊर्जा लाटेसारखी एकाच वेळी सगळ्या वाटा चाचपते आणि सोयीची निवडते. पान म्हणजे क्वांटम कॉम्प्युटर, एकाच वेळी अनेक शक्यता तपासणारं यंत्र! हे वाक्य टाकलं की मागच्या बाकावरचेसुद्धा मोबाइल खाली ठेवायचे.

पुढे ते टिकलं नाही. 2017 मध्ये हॅम्बुर्गच्या गटाने तेच प्रथिन साध्या तापमानाला तपासलं, तर इलेक्ट्रॉनांचा तो ताल 60 फेम्टोसेकंदांतच विरला. ऊर्जेच्या उडीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. 2020 मध्ये बऱ्याच शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेल्या आढाव्यात स्पष्टच म्हटलं की ते लांबलेले चढउतार मुख्यतः रेणूंच्या कंपनांचे होते. हा आढावा मी तेव्हाच वाचला होता. तरी पुढच्या वर्षी वर्गात जुनीच गोष्ट सांगितली, कारण ती रंगते. आज अंधारात त्या पोरासमोर याची लाज वाटली.

खरं तर उरलंय ते काही कमी नाही. जांभळ्या जीवाणूंच्या एलएच-2 प्रथिनात क्लोरोफिलचे भाऊबंद कडं करून बसलेले असतात. एका जातीत आतल्या कड्यात 18, बाहेरच्यात 9. आतल्या कड्यात ऊर्जा एका रेणूची राहतच नाही, एकदम अनेकांवर पसरते. हा पुंजभौतिकीचाच, म्हणजे क्वांटमचाच मामला, फक्त त्यात जादूची वाट नाही. 2023 मध्ये बर्कलीलाच याच प्रथिनावर एकेकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सोडून पाहिला. प्रकाशसंश्लेषणाची सुरुवात करायला तेवढा एक पुरतो. पुरायलाच हवा म्हणा, भर उन्हातही एका क्लोरोफिलच्या वाट्याला सेकंदाला मोजकेच फोटॉन येतात.

यातलं निम्मं सांगून होतंय तोवर लाइट आली आणि साहेब टीव्हीसमोर. ताईने पेल्याकडे बघून विचारलं, "यातून आता पाणी प्यायचं का आम्ही?" पेला माझ्या टेबलावर आणून ठेवलाय. हिरवा रंग काळपटायला लागलाय.

उद्या दुसरा तास बारावीवर. स्लाइडवरचं कॉम्प्युटरवालं वाक्य खोडलं. त्याजागी काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही. टॉर्च मात्र पर्समध्ये टाकली आहे.