युती संपली, वाचक गेले, आणि मग हळूहळू परत जमले (माझा अनुभव)

२१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले होते की दोघांमधलं अंतर फक्त ०.१ अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण पाचवा भाग. नुसत्या डोळ्यांनी आकाश कसं बघायचं यावर मी तेव्हा दीड वर्षापासून ब्लॉग लिहीत होते. त्या दोघांच्या या युतीवर एक पोस्ट टाकली, कुठल्या दिशेला बघायचं, सूर्य मावळल्यावर किती वेळ हातात असतो, हात सरळ लांब करून धरलेली मूठ म्हणजे अंदाजे १० अंश, त्यावरून उंची कशी मोजायची वगैरे. ती पोस्ट तुफान शेअर झाली. एरवी दिवसाला तीस-चाळीस जण यायचे, त्या आठवड्यात हजारो आले, आणि मी रात्री दर अर्ध्या तासाने उठून आकडे बघत होते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा परत तीस-चाळीसवर.

खूप वाईट वाटलं तेव्हा. वाटलं आपलं लिखाणच कमी पडलं. पण एक दिवस शांतपणे बसून तीच पोस्ट एखाद्या नवख्या माणसासारखी वाचली आणि लक्षात आलं की आलेल्या माणसाला एकच गोष्ट हवी होती, ती त्याला मिळाली आणि तो गेला, यात त्याचं काय चुकलं? पुढे काय बघायचं हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. २१ तारखेनंतर ते दोन ग्रह रोज थोडे थोडे सुटत जाताना बघणं ही पण केवढी सुंदर गोष्ट होती, त्याचा उल्लेखसुद्धा नाही! दार उघडं ठेवलं होतं पण आत बसायला जागाच नव्हती.

मग मी सगळे करतात तेच केलं, आठवड्याला तीन पोस्ट. कुठेतरी वाचलं होतं की सातत्य पाहिजे. दोन महिन्यांत मी दमले आणि पोस्टही पातळ झाल्या, नेहमी वाचणारे दोघं-तिघं पण गप्प झाले. सातत्य म्हणजे जास्त लिहिणं असं मी धरून चालले होते, खरं तर वाचकाला तुम्ही कधी येणार हे माहीत असणं एवढंच पुरतं. आधी लोक फीड रीडरमध्ये (आवडत्या ब्लॉगच्या नव्या पोस्ट एका जागी आणून दाखवणारी सोय) ब्लॉग जोडून ठेवायचे, गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं आणि बऱ्याच जणांची ती सवयच मोडली (नवी पोस्ट अशा रीडरपर्यंत पोचवणारं आरएसएस अजून चालतं, माझ्या ब्लॉगवर मी ते मुद्दाम चालू ठेवलंय, त्यातून येणारे थोडे असतात पण पक्के असतात). त्यामुळे आता वाचक आपणहून रोज येऊन बघेल ही अपेक्षाच चुकीची आहे, आपणच जायला पाहिजे त्याच्याकडे.

म्हणून ईमेल पत्र सुरू केलं. आणि वेळ ठरवली ती अमावस्येच्या दोन दिवस आधीची. आकाश सगळ्यात काळं तेव्हाच असतं, साधारण साडेएकोणतीस दिवसांनी ती रात्र येतेच, आणि ही तारीख मला किंवा वाचकाला लक्षात ठेवावी लागत नाही, चंद्र बारीक व्हायला लागला की पत्र येणार हे कळतं. माझ्या सगळ्या प्रयत्नांत हा निर्णय सगळ्यात कामाचा ठरला असं मला मनापासून वाटतं.

पहिलं पत्र एक्केचाळीस जणांना गेलं. शेवटी लिहिलं होतं "कसं वाटलं नक्की कळवा". एकाचंही उत्तर नाही. आता कळतं, या प्रश्नाला माणूस काय लिहिणार, "छान" म्हणून तरी किती वेळा लिहायचं. दुसऱ्या वेळी नेमकं विचारलं, सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारी अरुंधती तुम्हाला वेगळी दिसते का, दिसत असेल तर चष्मा लावून की न लावता? मी अगदी खात्रीत होते की यावेळी उत्तरं येणार. पुन्हा शांतता. तीन-चार दिवसांनी मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं प्रश्न? कुठला प्रश्न?"

झालं होतं असं की ते पत्र मी फार लांबवलं होतं, चार जुन्या पोस्ट पूर्णच्या पूर्ण जोडल्या होत्या, आणि मेल एका मर्यादेपेक्षा जड झाला की काही मेलसेवा उरलेला भाग कापून खाली फक्त "पूर्ण संदेश बघा" अशी बारीक ओळ दाखवतात. माझा प्रश्न त्या कापलेल्या भागात होता. वर देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं, रोमन अक्षर एकच, म्हणजे आपलं मराठी पत्र तेवढ्याच लांबीला जास्त जड होतं, आणि त्यात तयार टेम्प्लेटचं ओझं वेगळंच. मराठीत पत्र काढणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःला पाठवून फोनवर शेवटपर्यंत उघडून बघावं, मी ते केलं नव्हतं.

पुढच्या अमावस्येला तोच प्रश्न पहिल्याच ओळीत टाकला. तेवीस उत्तरं आली. एक्केचाळीसमधून तेवीस! कुणी लिहिलं चष्म्याशिवाय अजिबात नाही, कुणी मुलीला दिसते मला नाही, आणि एका बाईंनी लिहिलं की सरळ बघितलं की अरुंधती गायब होते पण नजर थोडी बाजूला नेली की दिसते, माझ्या डोळ्यात काही दोष आहे का? मी त्यांना लगेच लिहिलं की दोष नाहीये ताई, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, बुबुळाच्या अगदी समोर, जिथे आपली नजर रोखली जाते तिथे मंद उजेड पकडणाऱ्या पेशी नसतातच, त्या आजूबाजूला असतात, म्हणून अंधुक तारा तिरक्या नजरेने जास्त चांगला दिसतो. त्यांची परवानगी घेऊन, नाव न टाकता, पुढची पोस्ट त्याच प्रश्नावर लिहिली, सुरुवात त्यांच्याच वाक्याने केली. ती पोस्ट युतीच्या पोस्टएवढी कधीच चालली नाही पण ती वाचून पुढच्या पोस्टवर जाणारे कितीतरी पट जास्त होते.

आकडे मी आता वेगळे बघते. गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये माणूस १० सेकंदांपेक्षा जास्त थांबला तरी भेट गुंतलेली धरतात, पण १० सेकंदांत माझा पहिला परिच्छेदही होत नाही. पत्र किती जणांनी उघडलं तो आकडाही २०२१ च्या शेवटापासून भरवशाचा राहिला नाही, कारण ॲपलच्या मेल ॲपमध्ये तेव्हा आलेली गोपनीयतेची सोय चालू केलेली असेल तर वाचकाने न उघडताही पत्र उघडलं असं दिसतं. म्हणून न उघडणारे पत्ते काढून टाका हा सल्ला मी तसाच पाळला नाही, आधी त्यांना दोन ओळी लिहून विचारलं, पत्र चालू ठेवू का? आठ जण म्हणाले आम्ही दर महिन्याला वाचतो, फक्त कधी लिहीत नाही. मी त्यांना काढून टाकणार होते!

एक चूक पण सांगते. एका पोस्टमध्ये मध्यरात्री डोक्यावर शुक्र बघितल्याचं लिहिलं. एका काकांचा मेल आला की शुक्र आपल्याला सूर्यापासून साधारण ४७ अंशांच्या पलीकडे कधीच दिसत नाही, मध्यरात्री डोक्यावर कसा येईल, तो गुरू असणार. बरोबर होतं त्यांचं. गुपचूप बदलायचा मोह झाला, पण पोस्टच्या वरच तारीख टाकून चूक आणि दुरुस्ती दोन्ही लिहिलं. तेव्हापासून ते काका पत्र जाण्याआधी कच्चा मजकूर वाचून देतात.

मध्ये घरी आजारपण होतं, तीन अमावस्या पत्र गेलं नाही. परत सुरू करताना लांबलचक माफीनामा लिहिला होता, तो खोडला, एका वाक्यात कारण सांगितलं आणि लगेच त्या महिन्याचं आकाश. फक्त दोघांनी पत्र बंद केलं.

आता कुणी काय बघितलं त्याची मी एक वही ठेवते, पुढचं पत्र त्या वहीतूनच सुरू होतं. "ढग होते, काहीच दिसलं नाही" एवढंच लिहिणारे पण त्यात आहेत, तारीख घालून. गेल्या वेळी असे नऊ होते. येत्या पत्रात मी पहिल्यांदा त्या नऊ जणांनाच विचारणार आहे, यावेळी आकाश मोकळं आहे का?